निर्वासितांविषयीचे लोकमत कसे घडते आणि का फिरते

एखाद्या देशातील लोक निर्वासितांना सामावून घ्यायला तयार आहेत की नाहीत, याचे कारण आपण बहुतेक वेळा त्या देशाच्या स्वभावात शोधतो. जर्मन उदार, हंगेरियन कठोर, कॅनडाचे लोक मनमिळाऊ, जपानी अलिप्त, अशी विशेषणे बातम्यांतून सतत कानावर पडत असतात. गेल्या दहा-बारा वर्षांत या विषयावर झालेले संशोधन पाहिले की ही विशेषणे फारशी टिकत नाहीत. तोच समाज पाच-सहा वर्षांच्या अंतराने आलेल्या दोन समूहांशी अगदी उलट वागतो, एकाच प्रदेशातल्या दोन गावांचा कौल वेगळा पडतो, आणि एकाच माणसाला प्रश्न दोन तऱ्हांनी विचारला तर तो दोन निरनिराळी उत्तरे देतो. कोण येत आहे, किती काळासाठी येत आहे, येणाऱ्यांची व्यवस्था कोण लावत आहे आणि त्या व्यवस्थेचा भार कोणावर पडत आहे, यावर लोकांचे मत ठरते. यातल्या बऱ्याच गोष्टी सरकारच्या हातात असतात, आणि म्हणूनच हा विषय स्वभावाच्या खात्यावर टाकून मोकळे होणे मला योग्य वाटत नाही.

आधी काही मूलभूत गोष्टी स्पष्ट केलेल्या बऱ्या. १९५१च्या जिनिव्हा करारानुसार वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांमुळे छळ होण्याची सार्थ भीती असल्यामुळे जो माणूस स्वतःच्या देशाबाहेर आहे आणि ज्याला मायदेशाचे संरक्षण मिळू शकत नाही, तो निर्वासित. ज्याने असा दर्जा मागितला आहे पण ज्याच्या अर्जाचा निर्णय व्हायचा आहे, त्याला आश्रयार्थी म्हणतात. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाच्या आकडेवारीनुसार २०२४ अखेर जगात १२ कोटी ३२ लाख माणसे बळजबरीने विस्थापित झालेली होती. त्यातील बहुतेक आपल्याच देशाच्या हद्दीत भटकत होती आणि सुमारे ४ कोटी २७ लाख निर्वासित म्हणून सीमेपलीकडे होती. या निर्वासितांपैकी जवळपास तीन-चतुर्थांश कमी किंवा मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात, आणि सुमारे दोन-तृतीयांश तर थेट शेजारच्या देशात. त्यामुळे लोकमताविषयीचे बहुतांश संशोधन युरोप-अमेरिकेत झालेले असले, तरी या प्रश्नाशी रोजची गाठ इराण, तुर्कस्तान, युगांडा, पाकिस्तान, बांगलादेश, लेबनॉन अशा देशांतील लोकांना पडत असते, हे सतत ध्यानात ठेवावे लागते.

आता सर्वेक्षणांकडे वळू. प्यू या अमेरिकी संशोधन संस्थेने २०१८ मध्ये अठरा देशांत असे विचारले होते की, हिंसा आणि युद्धापासून पळणाऱ्या निर्वासितांना आपल्या देशाने घ्यावे का? स्पेनमध्ये ८६ टक्के आणि जर्मनीत ८२ टक्के लोकांनी होकार दिला, तर हंगेरीत तो फक्त ३२ टक्क्यांनी दिला. पण त्याच सर्वेक्षणात युरोपीय संघाने हा प्रश्न ज्या रीतीने हाताळला तिच्याबद्दल विचारले, तेव्हा होकार देणाऱ्या देशांतही बहुसंख्यांनी नापसंती दाखवली. इप्सॉस ही संस्था दरवर्षी जागतिक निर्वासित दिनाच्या सुमारास अनेक देशांत असाच प्रश्न विचारते. युद्ध किंवा छळापासून वाचण्यासाठी माणसाला दुसऱ्या देशात, आपल्याही देशात, आसरा मिळाला पाहिजे, या विधानाला २०२२ मध्ये सरासरी ७८ टक्के लोकांनी पाठिंबा दिला होता. २०२५ मध्ये तो ६७ टक्क्यांवर आला. उतरूनही हा आकडा मोठाच आहे. परंतु त्याच उत्तरदात्यांपैकी बहुसंख्यांना असेही वाटते की, निर्वासित म्हणून येणारे बरेच जण खरे निर्वासित नसतात आणि पैशासाठी किंवा सरकारी सवलतींसाठी येतात. तत्त्वाला होकार आणि दारात उभ्या असलेल्या माणसाविषयी संशय, अशी ही दुहेरी मनःस्थिती जवळपास सगळीकडे आढळते.

ही मनःस्थिती आजची नाही. नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीत ज्यूंची दुकाने आणि प्रार्थनास्थळे जाळली गेली, त्यानंतर लगेच अमेरिकेत गॅलप संस्थेने जनमत चाचणी घेतली. नाझी ज्यूंना देत असलेली वागणूक चुकीची आहे असे ९४ टक्के अमेरिकनांनी सांगितले. त्याच महिन्यात, जर्मनीतून हाकललेल्या अधिक ज्यूंना अमेरिकेत येऊ द्यावे का, या प्रश्नाला ७२ टक्क्यांनी नकार दिला. दोन महिन्यांनी, जर्मनीतील दहा हजार निर्वासित मुलांना अमेरिकी घरांत ठेवून घेण्याबद्दल विचारले, तेव्हाही ६१ टक्के लोक ‘नको’ म्हणाले. १९३९च्या उन्हाळ्यात ‘सेंट लुई’ हे जहाज ९३७ प्रवाशांना, त्यांतील बहुतेक ज्यू, घेऊन क्युबाच्या आणि नंतर फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ आले. जवळपास सगळ्यांना प्रवेश नाकारला गेला आणि जहाज युरोपला परतले. त्यांतील २५४ माणसे पुढे नाझींच्या संहारात मेली. अन्याय कळत नव्हता असे यात काहीच नव्हते. कळूनही दार बंद राहू शकते, हे या आकड्यांइतके स्पष्टपणे दुसरे काही सांगत नाही.

मग दार कोणासाठी उघडते? याचा सर्वांत काटेकोर अभ्यास २०१६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. युरोपातील पंधरा देशांतील अठरा हजार मतदारांना संशोधकांनी काल्पनिक आश्रयार्थींच्या जोड्या दाखवल्या. समजा, एका बाजूला सीरियातून आलेली, छळ सोसलेली, तोडकीमोडकी स्थानिक भाषा बोलणारी ख्रिस्ती शिक्षिका आहे. दुसऱ्या बाजूला तिथूनच आलेला, अधिक चांगल्या कमाईच्या शोधात निघालेला, बेरोजगार मुस्लिम तरुण आहे. यातल्या कोणाला राहू द्यावे? वय, धर्म, व्यवसाय, मूळ देश, भाषा, निघण्याचे कारण, जबानीत विसंगती आहे की नाही, असे तपशील संगणक प्रत्येक वेळी उलटसुलट जुळवत असे, त्यामुळे कोणत्या तपशिलाने निर्णय किती हलतो हे मोजता येत होते. थेट विचारले तर लोक शोभेल असे उत्तर देतात. अशा जोड्यांमध्ये मनातला क्रम आपोआप बाहेर येतो, हे या पद्धतीचे बलस्थान आहे.

निष्कर्ष सगळ्या पंधरा देशांत जवळपास सारखेच निघाले. डॉक्टर, शिक्षक असे कामाला येणारे शिक्षण असलेल्यांना पसंती मिळाली, छळ झालेल्यांना आणि दुबळ्यांना मिळाली, जबानी सुसंगत असणाऱ्यांना मिळाली. आणि मुस्लिमांना ख्रिस्ती लोकांपेक्षा स्पष्टपणे कमी मिळाली. डाव्या विचारांच्या मतदारांत हा धार्मिक कल सौम्य होता, पण होता. श्रीमंत उत्तरदाते आणि गरीब उत्तरदाते यांच्या पसंतीक्रमातही फार अंतर पडले नाही. त्यावरून आपली नोकरी जाईल या भीतीपेक्षा आपल्या समाजाचे काय होईल ही चिंता अधिक काम करते, असा अर्थ निघतो. त्याच संशोधकांनी युक्रेनच्या युद्धानंतर २०२२ मध्ये हा प्रयोग पुन्हा केला. दरम्यान युरोपात लाखो निर्वासित आले होते, तरी एकूण स्वीकार घटलेला नव्हता. उलट थोडा वाढलेला दिसला. पसंतीचा क्रम मात्र होता तसाच राहिला होता.

हा क्रम कायद्यांतही उतरतो. डेन्मार्कने २०१६ मध्ये असा नियम केला की आश्रय मागणाऱ्यांकडची दहा हजार क्रोनरपेक्षा अधिक किमतीची रोकड आणि मौल्यवान वस्तू पोलिसांनी ताब्यात घ्याव्यात, म्हणजे त्यातून त्यांच्या निवाऱ्याचा खर्च भागेल. लग्नाच्या अंगठीसारख्या भावनिक मोलाच्या वस्तू तेवढ्या सोडाव्यात. तो काळ प्रामुख्याने सीरियन निर्वासितांचा होता. मार्च २०२२ मध्ये युक्रेनमधून लोक येऊ लागले, तेव्हा डेन्मार्कने त्यांच्यासाठी वेगळा कायदा केला आणि हा नियम त्यांना लागू होऊ दिला नाही. जपान २०२३ मध्ये ३०३ जणांना निर्वासित दर्जा देऊ शकला आणि तो त्या देशाचा उच्चांक ठरला. तोच जपान युक्रेनमधील दोन हजारांहून अधिक लोकांना वेगळ्या नावाखाली, विमानप्रवासाची सोय करून आणि निर्वाह भत्ता देऊन, झटपट घेऊ शकला. ब्रिटनमध्ये युक्रेनियनांना घरात ठेवून घेण्याची योजना १४ मार्च २०२२ रोजी खुली झाली, तेव्हा एका दिवसात लाखाहून अधिक लोकांनी नाव नोंदवले. त्यानंतर महिनाभरातच लहान होड्यांतून येणाऱ्या आश्रयार्थींना रवांडाला पाठवण्याची योजना तिथल्या सरकारने जाहीर केली. हे सगळे पाहून मन खिन्न होते, हे मी लपवणार नाही. पण यातून एक गोष्ट सिद्धही होते. आमच्याकडे जागा नाही, यंत्रणा नाही, लोक ऐकणार नाहीत, ही कारणे जेव्हा दिली जातात तेव्हा ती नेहमीच खरी असतात असे नाही.

भारतालाही हा नियम चुकलेला नाही. भारताने १९५१च्या करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही केलेला नाही, त्यामुळे कोणाला कसे वागवायचे हे त्या त्या वेळी ठरते आणि लोकमताला जास्तच वाव मिळतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये म्यानमारच्या लष्कराने सत्ता बळकावल्यावर चिन प्रांतातील लोक मिझोरममध्ये येऊ लागले. केंद्रीय गृहखात्याने सीमावर्ती राज्यांना त्यांना थोपवण्यास कळवले, तेव्हा मुख्यमंत्री झोरमथांगा यांनी थेट पंतप्रधानांना पत्र लिहून, ही आमच्याच रक्ताची माणसे आहेत, त्यांच्याकडे पाठ फिरवता येणार नाही, अशी भूमिका घेतली. चर्च, यंग मिझो असोसिएशन आणि गावोगावच्या लोकांनी तांदूळ, लाकूडफाटा, पत्रे गोळा करून तीस हजारांहून अधिक माणसांची सोय केली. त्याच म्यानमारमधून आलेल्या रोहिंग्यांच्या जम्मूतील वस्त्यांविरुद्ध मात्र २०१७ पासून आंदोलने होत राहिली. तामिळनाडूत श्रीलंकेच्या तमिळांना १९८३ नंतर मायेने जवळ केले गेले होते. मे १९९१ मध्ये राजीव गांधींची हत्या झाली आणि त्या मायेला जी ओहोटी लागली तिचे परिणाम छावण्यांतील लोकांनी अनेक वर्षे भोगले. एका गटाच्या गुन्ह्याचा डाग त्या भाषेच्या आणि त्या देशाच्या प्रत्येक निर्वासितावर पडतो, आणि तो धुऊन काढायला खुद्द निर्वासितांच्या हातात काहीच नसते.

जर्मनीचे उदाहरण जरा सविस्तर पाहावे असे आहे, कारण लोकमताची भरती आणि ओहोटी दोन्ही तिथे अगदी जवळून टिपली गेली आहे. ३१ ऑगस्ट २०१५ रोजी चॅन्सेलर अँगेला मर्केल यांनी ‘आपण हे निभावून नेऊ’ असे सांगितले. दोनच दिवसांनी तुर्कस्तानच्या बोडरुमजवळच्या किनाऱ्यावर वाहून आलेल्या एका सीरियन बालकाच्या मृतदेहाचे छायाचित्र जगभर गेले. स्वीडनच्या रेड क्रॉसने सीरियन निर्वासितांसाठी उघडलेल्या निधीचा नंतर अभ्यास झाला. छायाचित्रानंतरच्या आठवड्यात रोजच्या देणग्यांची संख्या शंभरपटीहून अधिक वाढली होती, आणि साधारण सहा आठवड्यांत ती पूर्वपदावर आली होती. करुणेचा उमाळा खरा असतो, पण त्याच्या भरवशावर वर्षभराची व्यवस्था उभी राहत नाही.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात बुडापेस्टच्या केलेती स्थानकात अडकलेले लोक पायी ऑस्ट्रियाकडे निघाले, जर्मनीने सीमा बंद केली नाही आणि म्युनिकच्या स्थानकावर उतरणाऱ्यांचे टाळ्या वाजवून, खेळणी आणि पाण्याच्या बाटल्या देऊन स्वागत झाले. त्या वर्षात सुमारे ८ लाख ९० हजार माणसे आली. त्यांना राज्याराज्यांत वाटण्यासाठी जर्मनीकडे आधीपासून एक सूत्र तयार होते. दोन-तृतीयांश वजन राज्याच्या करउत्पन्नाला, एक-तृतीयांश लोकसंख्येला. त्यामुळे एकट्या बव्हेरियाच्या किंवा एकट्या बर्लिनच्या माथी सगळे मारले गेले नाही. तरीही शाळांच्या व्यायामशाळांत खाटा टाकाव्या लागल्या, बर्लिनच्या बंद पडलेल्या टेम्पलहोफ विमानतळाच्या हँगरमध्ये लोक राहिले, नोंदणीच्या रांगा आठवडेच्या आठवडे हलत नसत. ‘सरकारच्या हातात काही राहिलेले नाही’ ही भावना या रांगांतून पसरली, असे माझे मत आहे. ३१ डिसेंबरच्या रात्री कोलोनच्या मुख्य स्थानकाबाहेर शेकडो स्त्रियांवर लैंगिक हल्ले आणि लुटालूट झाली, संशयितांमध्ये उत्तर आफ्रिकेतून आलेले तरुण मोठ्या संख्येने होते आणि पोलिसांनी दुसऱ्या दिवशी रात्र शांततेत पार पडल्याचे पत्रक काढले. घटना भयंकर होतीच. ती दडवली जात आहे या समजुतीने विश्वासाला आणखी मोठा तडा गेला.

एएफडी (‘जर्मनीसाठी पर्याय’) हा आता अतिउजवा मानला जाणारा पक्ष २०१३ मध्ये युरो चलनाच्या विरोधात स्थापन झाला होता आणि तेव्हा पाच टक्क्यांचा उंबरठा ओलांडू शकला नव्हता. २०१७ मध्ये निर्वासितांच्या प्रश्नावर त्याला १२.६ टक्के मते मिळाली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये २०.८ टक्के. दुसरीकडे, २०१५ मध्ये आलेल्यांपैकी जवळपास दोन-तृतीयांश दशकभरात नोकरीला लागले होते; पुरुषांचे प्रमाण तर जर्मन सरासरीच्या आसपास पोचले, स्त्रियांचे मात्र बरेच मागे राहिले. म्हणजे माणसे रुळत गेली आणि मत मात्र कडवट होत गेले. या दोन रेषा एकमेकींपासून दूर का गेल्या, याचे एक उत्तर असे की नोकरीला लागलेला माणूस बातमीत येत नाही, सुराहल्ला करणारा येतो. २०२४च्या ऑगस्टमध्ये झोलिंगेन शहरातील हल्ल्यानंतर काही आठवड्यांत जर्मनीने आपल्या सगळ्या जमिनी सीमांवर तपासणी सुरू केली. आणि दुसरे उत्तर असे की ज्यांचा निर्वासितांशी प्रत्यक्ष संबंध येतो आणि ज्यांचा येत नाही, त्यांची मते वेगळ्या कारणांनी बनतात.

हे दुसरे उत्तर ग्रीस आणि ऑस्ट्रियामधील दोन अभ्यासांतून चांगले उलगडते. एजियन समुद्रातील ग्रीक बेटांपैकी जी तुर्की किनाऱ्याच्या जवळ होती तिथे २०१५ मध्ये होड्यांची रीघ लागली. थोडी लांबची बेटे कोरडी राहिली. बाकी परिस्थिती सारखीच असल्याने तुलना सोपी होती. जवळच्या बेटांवरील लोकांमध्ये निर्वासितांविषयी आणि एकूणच मुस्लिमांविषयी अधिक वैर आढळले, आणि गोल्डन डॉन या अतिउजव्या पक्षाची मते सुमारे दोन टक्के-बिंदूंनी वाढली. निर्वासित तिथे राहायला आले नव्हते, एक-दोन दिवसांत पुढे जात होते. ऑस्ट्रियाच्या उत्तरेकडील अप्पर ऑस्ट्रिया प्रांतात याच्या अगदी उलट चित्रही दिसले. ज्या सीमावर्ती गावांतून निर्वासितांचे लोंढे नुसते पार झाले तिथे अतिउजव्या फ्रीडम पार्टीची मते वाढली, पण ज्या गावांत थोडे निर्वासित काही महिने राहायला ठेवले गेले तिथे त्या पक्षाची वाढ तुलनेने कमी झाली. शेजारी म्हणून मुले शाळेत दिसली, भाषेच्या वर्गाला कोणी शिकवायला गेले, बाजारात नमस्कार-चमत्कार झाले, की आकड्याचा माणूस होतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये मांडलेल्या संपर्क-सिद्धांताचे म्हणणे हेच होते, फक्त त्यांनी एक अट घातली होती. संपर्क बरोबरीचा, सामायिक उद्दिष्टाचा आणि यंत्रणेच्या पाठबळाचा असला पाहिजे. रस्त्यावरून जाणारी गर्दी पाहणे हा संपर्क नव्हे.

पोलंडची कहाणी काळाच्या परिणामाची आहे, आणि कोल्हापूरकरांना ती थोडी जवळचीही वाटेल. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत श्रमछावण्यांतून सुटून इराणमार्गे आलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, त्यांत स्त्रिया आणि मुलेच जास्त, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील छावणीत राहिले. त्यांची शाळा, त्यांचे चर्च तिथे होते. ते गेल्यावर त्याच जागी फाळणीतून आलेले सिंधी निर्वासित वसले आणि आजचे गांधीनगर उभे राहिले. निर्वासितपणाची अशी ताजी आठवण असलेल्या पोलंडने २०१५ मध्ये युरोपीय संघाने वाटून दिलेले निर्वासित घेण्याचे नाकारले आणि २०२१ मध्ये बेलारूसच्या सीमेवरील जंगलात अडकलेल्या इराकी, अफगाण लोकांना मागे ढकलले. आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याच पोलंडने युक्रेनसाठी आपली घरे उघडली. सरकारी छावण्या उभ्या राहण्याआधीच प्रझेमिश्लच्या स्थानकावर लोक गाड्या घेऊन, हातात ‘तीन जणांना जागा आहे’ असे फलक धरून उभे होते. मार्च २०२२ मध्ये तिथल्या सीबीओएस संस्थेच्या चाचणीत ९४ टक्के लोक युक्रेनियन निर्वासितांना घेण्याच्या बाजूचे होते.

तीन वर्षांनी हेच प्रमाण निम्म्याच्या आसपास आले. एवढी घसरण का व्हावी? युक्रेनियनांनी आयते खाल्ले असे म्हणावे, तर पोलंडमधील कमावत्या वयाच्या युक्रेनियन निर्वासितांपैकी बहुसंख्य काम करतात आणि कर भरतात. युरोपीय संघाने ४ मार्च २०२२ रोजी, २००१ पासून न वापरलेला तात्पुरत्या संरक्षणाचा आदेश पहिल्यांदा अमलात आणून त्यांना पहिल्या दिवसापासून कामाचा हक्क दिला होता. पण दवाखान्यांत आधीच लांब असलेल्या रांगा आणखी लांबल्या. स्वस्त युक्रेनी धान्यामुळे पोलिश शेतकरी रस्त्यावर उतरले. युक्रेनी राष्ट्रवाद्यांनी १९४३ मध्ये व्होलिनिया प्रांतात केलेल्या पोलिश लोकांच्या हत्याकांडाची जुनी जखम राजकारण्यांनी पुन्हा उकरली. आणि मुलांसाठीचा सरकारी भत्ता निर्वासितांना का, हा प्रश्न निवडणुकीच्या केंद्रस्थानी आला. ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष कारोल नाव्रोत्स्की यांनी युक्रेनियनांना मदत पुढे चालू ठेवणारे विधेयक याच मुद्द्यावर नकाराधिकार वापरून परत पाठवले. मुक्काम लांबला की यजमान घरखर्चाचा हिशेब मांडू लागतो, हे कोणत्याही घरात घडते. देश त्याला अपवाद नाहीत.

भारतातील १९७१चा अनुभव या संदर्भात आठवण्यासारखा आहे. पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसे आली होती. त्यांच्यासाठी नोव्हेंबर १९७१ पासून देशभर प्रत्येक टपालावर पाच पैशांचे जादा तिकीट लावावे लागे. म्हणजे पुण्यात किंवा नागपुरात पत्र टाकणाऱ्या माणसाच्याही खिशातून थोडे जात होते, भार एकट्या पश्चिम बंगाल आणि त्रिपुरावर नव्हता, आणि बांगलादेश स्वतंत्र झाल्यावर बहुतेक निर्वासित काही महिन्यांत परत गेले. वाटून घेतलेला खर्च आणि दिसणारा शेवट, या दोन्ही गोष्टी तिथे होत्या.

त्या जिथे नसतात तिथे काय होते, हे तुर्कस्तानात आणि लेबनॉनमध्ये दिसते. तुर्कस्तानने सीरियनांना सुरुवातीला पाहुणे मानले आणि २०१४ मध्ये तात्पुरत्या संरक्षणाचा दर्जा दिला. संख्या ३७ लाखांपर्यंत गेली, पण काम करण्याचे रीतसर परवाने थोड्यांनाच मिळाले. बाकीचे कपड्यांच्या कारखान्यांत आणि शेतांत कमी मजुरीवर, कागदोपत्री नोंद न होता राबले. तुर्की मजुराला वाटले आपली मजुरी यांनी पाडली, घरमालकांनी भाडी चढवली, आणि महागाईने होरपळलेल्या लोकांना समोर दिसणारे कारण सापडले. ऑगस्ट २०२१ मध्ये अंकाराच्या आल्तिनदाग भागात आणि २०२४च्या उन्हाळ्यात कायसेरीत सीरियनांच्या घरादारांवर हल्ले झाले, आणि २०२३च्या अध्यक्षीय निवडणुकीत विरोधी उमेदवाराने दुसऱ्या फेरीचा प्रचारच त्यांना परत पाठवण्याच्या आश्वासनावर केला. लेबनॉनमध्ये तर एकेकाळी दर चार-पाच माणसांमागे एक सीरियन निर्वासित होता. १९४८ मध्ये आलेल्या पॅलेस्टिनींच्या छावण्या कायमच्या झाल्या आणि पुढे यादवीत ओढल्या गेल्या, या आठवणीमुळे सरकारने सीरियनांसाठी अधिकृत छावण्या उभारूच दिल्या नाहीत; माणसे शेतातल्या तंबूंत आणि गॅरेजांत पसरली, आणि व्यवस्था न लावल्याचा त्रास दोघांनीही सोसला.

कॅनडाचे नाव या चर्चेत नेहमी निघते. तिथे १९७९ पासून खासगी पुरस्कृतीची पद्धत आहे. पाच नागरिक, एखादे चर्च, एखादी संस्था एकत्र येऊन एका निर्वासित कुटुंबाची साधारण वर्षभराची जबाबदारी लेखी घेतात. घराचे भाडे, वाणसामान, हिवाळी कोट, मुलांचा शाळाप्रवेश, बसमधून कसे जायचे, डॉक्टरची वेळ कशी घ्यायची, हे सगळे त्या पाच जणांनी पाहायचे असते. १९७९-८० मध्ये व्हिएतनाम, कंबोडिया आणि लाओसमधून साठ हजार लोक कॅनडात आले, त्यांतील मोठा वाटा असा आला, आणि १९८६ मध्ये निर्वासित उच्चायुक्तालयाचा नानसेन पुरस्कार एका माणसाऐवजी संपूर्ण कॅनडाच्या जनतेला दिला गेला. सरकारने माणसे आणून ठेवली असे इथे कोणी म्हणू शकत नाही, कारण बोलावणारा शेजारीच असतो. अर्थात कॅनडाला समुद्राचे कुंपण आहे, येणारा आधी निवडला जातो, आणि घरांच्या टंचाईमुळे लोकमत बिघडल्यावर २०२४च्या अखेरीस नव्या पुरस्कृत गटांचे अर्ज घेणे सरकारने काही काळ थांबवले. तरीही या योजनेने केलेले काम मला फार मोलाचे वाटते.

सगळ्यांत अधिक शिकण्यासारखे उदाहरण मात्र युगांडाचे आहे. आफ्रिकेत सर्वाधिक निर्वासित, सतरा लाखांच्या वर, या देशात आहेत. दक्षिण सुदान आणि काँगोमधून ते येतात. २००६च्या कायद्याने त्यांना काम करण्याचा, देशात कुठेही फिरण्याचा आणि सरकारी शाळा-दवाखान्यांचा हक्क दिला आहे. काटेरी तारांच्या छावणीऐवजी त्यांना वस्तीत जमिनीचा एक तुकडा मिळतो. ऑगस्ट २०१६ मध्ये यूम्बे जिल्ह्यात सुरू झालेल्या बिडीबिडी वस्तीत तो साधारण तीस बाय तीस मीटरचा होता. त्यावर घर, परसात मका आणि भाजी. जमीन बऱ्याच ठिकाणी स्थानिक वंशगटांनी दिलेली आहे. या पश्चिम नाइल भागातील लोक हुकूमशहा इदी अमीनच्या पाडावानंतर १९८०च्या सुमारास स्वतः सुदान आणि झाईरमध्ये (आजच्या काँगोत) पळाले होते, ही आठवणही त्यामागे आहे. पण आठवण पोलंडलाही होती. युगांडाने त्यापुढे जाऊन एक साधा नियम पाळला. निर्वासितांसाठी येणाऱ्या मदतीतील साधारण तीस टक्के भाग यजमान गावांवर खर्च व्हायचा.

याचा परिणाम संशोधकांनी मोजला आहे. वस्त्यांच्या जवळ असलेल्या युगांडाच्या गावांना २०१४ नंतर निर्वासितांचा ओघ वाढताच शाळा, दवाखाने आणि रस्ते यांचा अधिक लाभ मिळाला, आणि त्या गावांत निर्वासितांविरुद्ध किंवा सत्ताधाऱ्यांविरुद्ध मत वळल्याचे आढळले नाही. जळण आणि पाण्यावरून भांडणे तिथेही होतात, जंगल तुटते, जमिनीचे तुकडे लहान होत चालले आहेत. तरीही जर्मनीपेक्षा कितीतरी गरीब असलेल्या देशात, कितीतरी दाट मुक्काम असूनही, लोकांची मने कडवट झाली नाहीत. निर्वासित आले म्हणून आपल्या मुलाला जवळ शाळा मिळाली, हा ज्याचा अनुभव आहे त्याला त्यांचा राग करायचे कारण उरत नाही.

ही घडी बाहेरच्या पैशावर बसलेली आहे, आणि तो पैसा आता आटत आहे. मे २०२५ मध्ये निधीअभावी जागतिक अन्न कार्यक्रमाला युगांडातील सुमारे दहा लाख निर्वासितांचे अन्नसाहाय्य बंद करावे लागले. अमेरिकेसह अनेक श्रीमंत देशांनी परदेशी मदतीला कात्री लावल्याचा हा थेट परिणाम होता. रेशन थांबले की निर्वासित शेजारच्या गावात कमी मजुरीवर राबायला जातात, जळणासाठी दूरच्या रानात शिरतात, आणि त्याच निधीतून चालणाऱ्या दवाखान्यातल्या परिचारिकेचा पगार थांबला की यूम्बेच्या शेतकऱ्याच्या बायकोलाही बाळंतपणासाठी लांब जावे लागते.